पट्ट्यापासून तारेपर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्करांची यंत्रसाधना

वारूळवाडी (ता. जुन्नर), प्रतिनिधी : मीना नदीच्या खोऱ्यात, नारायणगावाला अगदी खेटून वसलेले वारूळवाडी हे गाव. आसपासचा सारा मुलूख द्राक्षांचा, टोमॅटोचा आणि उसाचा. अशा गावांतून घराच्या कडेला पत्र्याचे छप्पर टाकून उभी केलेली छोटी कार्यशाळा ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुळात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर उभा करण्यासाठी बांधलेल्या शेडमध्ये आधी एक ग्राइंडर येतो, त्यामागून ड्रिल मशीन, मग कटर, वेल्डिंगचे यंत्र आणि हवेचा कॉम्प्रेसर. फवारणीचा पंप, ट्रॉलीचा जोड, द्राक्षमांडवाचे लोखंडी अँगल यांची कामे घरच्या घरी होऊ लागतात. भिंतीवरचे बटण दाबावे आणि यंत्राने गुरगुरत कामाला लागावे, यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

परंतु मोटारीने चालणारे यंत्र असे सामान्य माणसाच्या दाराशी आले, त्यामागे मोठा इतिहास आहे. त्या इतिहासातील महाराष्ट्राच्या वाट्याचा शोध घेऊ लागलो, की वाट आपोआप एका नावापाशी येऊन थांबते. या परिसरातील कितीतरी विहिरींवरच्या पंपांवर आणि मोटारींवर ते नाव वाचायला मिळते. ते नाव म्हणजे किर्लोस्कर. या नावाला उद्योगक्षेत्रात अर्थ प्राप्त करून देणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्यांच्या उद्योगसमूहाची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्राला शक्ती कोठून आणि कशी द्यावी याचाच ध्यास घेतला, त्या कारागिराची कथा मात्र घरच्या शेडमध्ये यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाने मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

रंग हुकले, रेषा सापडली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शिकून पारंपरिक वाटेने जावे, अशीच त्या काळच्या कोणत्याही पित्याची अपेक्षा असणार. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रे काढण्याची आणि दुसरी यंत्रे न्याहाळण्याची.

थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची ही ओढ ओळखली आणि त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे गेल्यावर त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा आघात झाला. आपल्याला काही रंगांमधला भेद नीटसा ओळखता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा अडथळा कोणता? रंगांचे दार असे बंद झाले. तथापि रेषेचे दार उघडे होते. यंत्रांची आरेखने काढण्यासाठी रंग नव्हे, तर अचूक नजर आणि स्थिर हात लागतो. हे दोन्ही गुण त्यांच्यापाशी होते.

त्याच सुमारास मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली होती. तेथे लक्ष्मणरावांना यांत्रिक आरेखन शिकवणाऱ्या साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवण्याचे तास संपले, की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात आणि यंत्रांच्या संगतीत वेळ घालवत. यंत्र कसे उघडावे, कसे जोडावे, कोठे तेल द्यावे आणि कोणत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखावे, हे त्यांनी तेथेच आत्मसात केले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. कार्यशाळा हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

१८८८ : दोन घटना, एक धागा

त्यांच्या आयुष्यात १८८८ या सालाला विशेष महत्त्व आहे. त्या वर्षी किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा क्रम होता. सायकल ही त्या काळी श्रीमंतांची चैन होती. तिची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात असे आणि ती चालवायला शिकवण्याचे रामूअण्णा पंधरा रुपये घेत. विक्रीबरोबर दुरुस्ती आली आणि दुरुस्तीबरोबर हत्यारे आली. किर्लोस्करांच्या पुढील साऱ्या पसाऱ्याचे बीज या छोट्याशा दुकानात आहे. बेळगावातील किर्लोस्कर रोड हे नाव आजही त्याची आठवण देते.

योगायोग असा, की त्याच १८८८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत निकोला टेस्ला या संशोधकाला एका नव्या विद्युत मोटारीची पेटंटे मिळाली. पाठोपाठ युरोपात डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की या अभियंत्याने तीन फेजांवर चालणारी, बांधणीला साधी आणि दणकट अशी मोटार सिद्ध केली. १८९१ साली जर्मनीत लाउफेन येथे निर्माण केलेली वीज सुमारे १७५ किलोमीटरवरील फ्रँकफर्टपर्यंत तारांवरून नेऊन दाखवण्यात आली. शक्ती जेथे निर्माण होते तेथेच वापरली पाहिजे, हा हजारो वर्षांचा नियम त्या दिवशी मोडला. बेळगावच्या दुकानात सायकलीची चाके सरळ करणाऱ्या बंधूंना या घडामोडींची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पुढे पाऊणशे वर्षांच्या आत हे दोन्ही प्रवाह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत येऊन मिळायचे होते.

अपमान आणि स्वातंत्र्य

लक्ष्मणरावांची मुंबईची नोकरी सुखाची होती. परंतु बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. कामात कसूर नसताना केवळ वंशामुळे मागे राहावे लागणे त्यांच्या स्वाभिमानी स्वभावाला मानवले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. हातची मासिक प्राप्ती सोडून अनिश्चित धंद्यात उडी घेण्याचा हा निर्णय त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला वेडेपणाचाच वाटला असेल.

बेळगावात त्यांनी छोटी कार्यशाळा उभी केली. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे काही बनवावे, हा विचार पहिल्यापासून होता. कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर आला. हा नांगर घडवणे जितके कठीण होते, त्याहून तो विकणे कठीण ठरले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांमध्ये समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. या दोन वर्षांत दुसऱ्या कोणी हातोडा खाली ठेवला असता. लक्ष्मणराव मात्र शेतकऱ्याला दोष न देता आपल्याच नांगरात काय कमी आहे, याचा शोध घेत राहिले. यंत्र चांगले असून भागत नाही, ते वापरणाऱ्याचा त्यावर विश्वास बसावा लागतो, हा धडा त्यांनी या काळात घेतला.

नांगराला मागणी येऊ लागली, तोच दुसरे संकट उभे राहिले. ज्या जागेवर कार्यशाळा होती, ती बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा खाली करण्याचा हुकूम आला. पत्र्याची शेड उचलून नेता येते. बसवलेली यंत्रे, जोडलेले गिऱ्हाईक आणि शिकवून तयार केलेले कामगार उचलून नेता येत नाहीत. चाळिशीत आलेल्या लक्ष्मणरावांपुढे सारे पुन्हा पहिल्यापासून मांडण्याची वेळ आली.

माळरानावरचे गाव

अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. औंध येथील मंदिराच्या सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी परिचय झाला होता. कलावंत वृत्तीच्या या राजाला लक्ष्मणरावांच्या हातातील कसब आणि बोलण्यातील सचोटी भावली होती. संस्थानात हवी ती जागा निवडावी, असे त्यांनी सुचवले. कुंडल रोड या आडगावच्या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले.

१० मार्च १९१० रोजी त्या जागेवर कामाला प्रारंभ झाला. जागा कसली, निवडुंगाने माजलेले आणि सापांनी भरलेले माळरान होते. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढाच लवाजमा. रामूअण्णांनी वस्तीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी भोवती जमले. त्यांपैकी कोणी फारसे शिकलेले नव्हते, कोणाचे शिक्षण अर्धवट सुटलेले होते. प्रमाणपत्रापेक्षा हाताला काय येते, ते लक्ष्मणराव पाहत. एकेकाळी दरोडेखोर म्हणून शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वस्तीच्या राखणीची जबाबदारी सोपवली आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेला त्या वस्तीत थारा नव्हता. जमशेदपूरच्या पाठोपाठ देशात उभ्या राहिलेल्या या औद्योगिक वसाहतीचे नाव पुढे किर्लोस्करवाडी पडले आणि कुंडल रोड स्थानकही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

या वसाहतीतून नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप बाहेर पडू लागले. १९२० साली सुरू झालेले किर्लोस्कर मासिक, त्यामागून आलेली १९३० ची स्त्री आणि १९३४ चे मनोहर ही नियतकालिकेही याच वाडीची. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्यांनी मराठी घराघरांत नवे विचार नेले. ती एका स्वतंत्र लेखाची सामग्री होईल. येथे आपल्याला पाहायचा आहे तो कारखान्याच्या छपराखालचा एक लोखंडी दंड.

छताखालचा दंड

त्या काळच्या कोणत्याही कारखान्यात प्रत्येक यंत्राला स्वतःची शक्ती नसे. एका कोपऱ्यात वाफेचे किंवा तेलाचे एकच इंजिन असे. ते छताखालून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लांबलचक शाफ्ट फिरवी. शाफ्टवर ओळीने पुल्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक पुलीवरून चामड्याचा पट्टा खाली उतरून एकेका लेथला, ड्रिलला, रंध्याला जाई. इंजिन सुरू झाले की सारा कारखाना एकदम जागा होई आणि ते बिघडले की सारा एकदम बंद पडे.

या व्यवस्थेचे तोटे कारागिराला रोज भोगावे लागत. एका छोट्या छिद्रासाठी संपूर्ण शाफ्ट फिरवावा लागे. बरीचशी शक्ती पट्टे आणि बेअरिंगांच्या घर्षणातच खर्ची पडे. यंत्र कोठे ठेवावे हे कामाच्या सोयीने ठरत नसे, शाफ्टच्या रेषेने ठरे. सर्वांत वाईट म्हणजे उघडे पट्टे. त्यात धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही किंवा हात सापडला, की इंजिन थांबेपर्यंत माणूस वाचण्याची शाश्वती नसे. शिवाय इंजिन आणि शाफ्टचा हा खटाटोप मोठ्या कारखान्यालाच परवडे. घराच्या पडवीत एकट्याने काम करणाऱ्या सुताराला किंवा लोहाराला यांत्रिक शक्ती अप्राप्यच होती. त्याची यंत्रे त्याच्या स्वतःच्या हातापायांनीच फिरत.

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे विजेची मोटार. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि वाफेचा जमाना उतरणीला लागला. प्रत्येक यंत्राला त्याची स्वतःची मोटार देता येते, ती हवी तेव्हा सुरू आणि नको तेव्हा बंद करता येते, हे दिसून आले. छताखालच्या दंडाची जागा भिंतीतल्या तारेने घेतली.

पुढच्या पिढीची पावले

काळाची पावले ओळखण्याची दृष्टी लक्ष्मणरावांपाशी होती. १९२२ साली त्यांनी चिरंजीव शंतनुराव यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी धाडले. १९२६ साली पदवी घेऊन शंतनुराव परतले आणि थेट वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. बापाने हाताने मिळवलेले ज्ञान आणि मुलाने गणिताने मिळवलेले ज्ञान यांचा येथे संगम झाला.

त्यानंतरची वाटचाल वेगाची आहे. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप आणि तेलाचे इंजिन तयार झाले. १९४० च्या सुमारास विजेच्या मोटारी बनू लागल्या. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ व अन्य यंत्रे बनवणारी कंपनी निघाली. १९४६ साली बंगळूर येथे विजेच्या मोटारींसाठी, तर पुण्यात खडकी येथे तेलाच्या इंजिनांसाठी स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या. पंप, त्याला फिरवणारी मोटार आणि ती मोटार घडवणारी लेथ अशी सारी साखळी एकाच घराण्याच्या प्रयत्नांतून देशात उभी राहिली.

सुखाच्या या काळालाही गालबोट लागले. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना सापडला. जवळजवळ चार दशकांच्या कष्टांची राख झालेली पाहण्याचा प्रसंग वृद्ध लक्ष्मणरावांवर आला. बेळगावची शेड गेली तेव्हा त्यांनी जे केले, तेच किर्लोस्करांनी पुन्हा केले. राख बाजूला सारली आणि कारखाना परत उभा केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २० जून १९६९ रोजी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मोटार आली, तार मागे राहिली

लक्ष्मणरावांच्या हयातीत महाराष्ट्रातील बहुतेक खेडी अंधारातच होती. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत तारा गावोगाव पोहोचल्या. विहिरीवर मोटार बसली आणि मागोमाग घराच्या शेडमध्येही यंत्रे आली. मोठ्या कारखान्याची मिरासदारी संपली. वारूळवाडीसारख्या गावातला तरुण आता दोन अश्वशक्तीच्या मोटारीवर घरबसल्या काम करू शकतो. लक्ष्मणरावांना हेच हवे होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

परंतु येथेच एक उणीव राहून गेली. यंत्र कारखान्यात तपासून येते, मोटार तपासून येते. त्यांना वीज पुरवणारी शेडमधली तार मात्र पुष्कळदा कोणीच तपासत नाही. घरातल्या दिव्याच्या जोडणीतूनच एक फाटा शेडमध्ये ओढला जातो, त्याला लांबणीची वायर जोडली जाते आणि काम सुरू होते. पट्ट्याचा धोका निदान डोळ्यांना दिसे. तारेचा धोका दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

थोडा हिशेब मांडू. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पूर्ण भारावर साधारण ११ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना मात्र ती क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे साठ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. घरातील मुख्य फलकापासून शेड ३० मीटर दूर असेल आणि दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली असेल, तर सुरुवातीच्या त्या क्षणी ४० ते ४५ व्होल्ट तारेतच गळून पडतात. दाब एक पंचमांशाने घटला की मोटारीचा जोर एकतृतीयांशाहून अधिक घटतो. मोटार घुमते, उठत नाही आणि तापते. लोक यंत्राला नावे ठेवतात. दोष यंत्राचा नसतो. तीच तार चार चौरस मिलिमीटरची असती, तर हा ऱ्हास पंधरा-सतरा व्होल्टवर आला असता.

थ्री फेज जोडणी असेल, तर तेवढ्याच शक्तीच्या मोटारीला प्रत्येक तारेतून साधारण साडेतीन अँपिअर पुरतात आणि ती कपॅसिटरशिवाय सहज उठते. तथापि तिचीही पथ्ये आहेत. एक फेज गेली, तर ती उरलेल्या दोन फेजांवर रखडत फिरते आणि जळते. विहिरीवरच्या मोटारीसाठी शेतकरी जो सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवतो, तो शेडमधल्या मोटारीलाही हवाच. दोन फेजांची अदलाबदल झाली, की मोटार उलटी फिरते. ग्राइंडरच्या चाकाचा नट अशा वेळी सैल होऊ शकतो, म्हणून नवी जोडणी केल्यावर फिरण्याची दिशा पाहिल्याशिवाय यंत्रावर काम लावू नये. शेतीपंपाच्या जोडणीवर दुकानाची यंत्रे चालवणे नियमबाह्य आहे, हेही ध्यानात ठेवावे. अशा कामासाठी वेगळी जोडणी आणि परवानाधारक कंत्राटदाराचा तपासणी अहवाल आवश्यक असतो.

२००० नंतरच्या दशकातील भारनियमनाचे दिवस राज्यातील लोक विसरलेले नाहीत. त्या काळाने एक गोष्ट शिकवली. वीज गेली, कारागीर बटण बंद करायचे विसरून करवतीचे पाते साफ करू लागला आणि वीज अचानक परत आली, तर काय होईल? साध्या बटणावरचे यंत्र तत्क्षणी सुरू होते. स्टार्टरवरचे यंत्र मात्र वीज गेली की स्वतःला तोडून घेते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. शंभर वर्षांपूर्वी पट्ट्याने जे हात तोडले, ते आज स्टार्टरवर दोन पैसे वाचवल्यामुळे तुटू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

सर्वांत महत्त्वाचे अर्थिंग. यंत्राच्या लोखंडी अंगाला आतली वीज लागली, तर तिला जमिनीत जाण्यासाठी माणसाच्या देहापेक्षा सोपा रस्ता असला पाहिजे. तो रस्ता म्हणजे हिरवी तार. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन कापून तो दोन छिद्रांच्या बोर्डात बसवणे म्हणजे तो रस्ता स्वतःच्या हाताने बंद करणे होय. शेडच्या जमिनीवर पाणी सांडलेले असते, पायात चप्पल असतेच असे नाही. अशा ठिकाणी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी या दोन गोष्टी मिळून माणसाचा जीव वाचवतात. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नाही. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो.

आकाशाकडे कान लावलेले शेजारी

या परिसराला आणखी एक वैशिष्ट्य लाभले आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपत असतात. रेडिओ गोंगाट कमी असलेला भाग म्हणून ही जागा निवडण्यात आली होती. आता हातातल्या ग्राइंडरमध्ये किंवा ड्रिलमध्ये कार्बन ब्रश असतात आणि त्यांतून ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी सोडते. सैल जोडाच्या तारेतून उडणारी ठिणगीही तेच करते. घट्ट, नीटनेटकी जोडणी जशी घराला आगीपासून वाचवते, तशी ती या शेजाऱ्याच्या कानालाही शांतता देते. लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रकारच्या इंडक्शन मोटारीत ब्रशच नसतात, त्यामुळे ती चालताना ठिणग्याही पडत नाहीत.

उरलेला वारसा

लक्ष्मणरावांच्या चरित्रातून नेहमी जिद्दीचा धडा काढला जातो. तो खराच आहे. रंग दिसत नाहीत असे कळले, बढती नाकारली गेली, नांगर पडून राहिला, शेड गेली, कारखाना जळला. प्रत्येक वेळी हा माणूस पुन्हा उभा राहिला. परंतु त्यांच्या कामाचा बारकाईने विचार केला, तर आणखी एक गुण दिसतो आणि तो अधिक अनुकरणीय आहे. यंत्र विकले म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. ते वापरणाऱ्याच्या हातात नीट आणि निर्धोक चालले पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. दोन वर्षे न खपलेल्या नांगराने त्यांना हेच शिकवले होते.

इंजिनापासून शाफ्टपर्यंत, शाफ्टपासून पट्ट्यापर्यंत आणि पट्ट्यापासून यंत्रापर्यंत जाणारी शक्तीची वाट जुना कारागीर रोज सकाळी डोळ्यांखालून घाली. पट्टा सैल झाला का, बेअरिंगला तेल आहे का, हे पाहिल्याशिवाय तो इंजिन सुरू करत नसे. आज ती वाट भिंतीत लपली आहे, एवढ्याने ती पाहण्याची गरज संपत नाही. वारूळवाडीच्या एखाद्या शेडमध्ये उद्या सकाळी ग्राइंडरचे बटण दाबण्यापूर्वी कोणी क्षणभर थांबून प्लगची तिसरी पिन शाबूत आहे ना, तारेचे आवरण कोठे सोलले नाही ना, एवढे जरी पाहिले, तरी बेळगावच्या छोट्या कार्यशाळेत सुरू झालेल्या त्या यंत्रसाधनेला ते खरे अभिवादन ठरेल.